वीतभर दुमड

रंगाऱ्यांनी विसरलेल्या स्टुलावर चढून तिने मोजपट्टीचं एक टोक खिडकीच्या वर अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं खाली सोडलं. पट्टी सरसरत जमिनीपर्यंत गेली आणि तिथे गुंडाळी करून बसली.

"अहो, खाली धरा जरा."

"कशाला?"

"धरा म्हणते ना."

नवरा वाकला, पट्टी ताणून फरशीला टेकवली. "घर अजून आपलं नाही," तो म्हणाला.

"माप घ्यायला कुठे पैसे पडतात?"

चौऱ्याऐंशी इंच. रुंदी अठ्ठेचाळीस. तिने लिहून घेतलं नाही. पडद्याची मापं ती कधीच लिहून घेत नसे. लोकांना वाटायचं, बाईची स्मरणशक्ती दांडगी. खरं म्हणजे खिडकी एकदा हातांनी मोजली की हातच ती विसरत नसत. आठ वर्षांत शे-दीडशे घरांच्या खिडक्या तिच्या हातांत जमा झाल्या होत्या. सगळ्या दुसऱ्यांच्या.

आणि तिच्या स्वतःच्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. लग्नानंतर त्या भाड्याच्या खोलीत आल्यावर ती म्हणाली होती, इथल्या खिडकीला कशाला शिवायचा, आपलं घर झालं की शिवू. तेव्हापासून एक जुनी चादर दोन खिळ्यांवर लोंबकळत होती. ते खिळेही आधीच्या भाडेकरूचे. तिने त्या भिंतीत एकही नवा खिळा मारला नव्हता. मनाई नव्हती कुणाची. पण दुसऱ्याच्या भिंतीत हातोडी उचलली की तिचा हात हलका पडायचा.

दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, आणि ही खिडकी. सकाळचं ऊन आत येऊन फरशीवर चौकोनी पडलं होतं. त्या चौकोनात तिची पाच वर्षांची मुलगी हातपाय पसरून आडवी झाली होती. मुलीला सगळे बटण म्हणत. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल, आणि हातातून निसटून कुठेतरी कोपऱ्यात जाईल असं वाटणारी.

"इथे मी झोपणार," बटण म्हणाली. "तुम्ही तिकडे."

"तिकडे म्हणजे मोरीत?" नवऱ्याने विचारलं.

जिन्यात एजंट फोनवर कुणाला तरी दुसरं घर विकत होता. नवऱ्याने बाहेर डोकावून पायऱ्यांकडे पाहिलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कोणत्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टच्या दाराला कान लावणार, मग माणसांशी बोलणार. इथे त्याला कान लावायला काही नव्हतं.

"छत्तीस पायऱ्या," तो म्हणाला. "लिफ्टच नाही. म्हणजे रविवारी ताटावरून मला कुणी उठवणार नाही. घ्यायचंच हे घर."

तो हसला, पण मग त्याने खिडकीच्या लाकडावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिने ते पाहिलं आणि स्टुलावरून उतरायला मुद्दाम उशीर केला.

घराचा मालक पंचवीस तारखेपर्यंत थांबायला तयार होता. त्यापुढे नाही.

*

बँकेतली मुलगी वयाने त्यांच्याहून लहान असावी. तिने दोघांची कागदपत्रं पाहिली, संगणकात काहीतरी भरलं, वाट पाहिली, पुन्हा भरलं. मग संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. जिथे पत दाखवणारा आकडा यायला हवा होता तिथे एक आडवी रेघ होती.

"तुमची नोंदच येत नाहीये," ती म्हणाली. "आधी कधी कर्ज?"

"नाही," नवरा म्हणाला.

"क्रेडिट कार्ड?"

"छे."

"एखादी वस्तू हप्त्यावर घेतली असेल? फ्रिज, मोबाइल, काहीही?"

नवरा सरसावून बसला. आता तो काय सांगणार हे तिला कळलं आणि तिने टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला, पण उशीर झाला होता. त्याने शिलाई मशीनची गोष्ट सांगितली. दुकानदार हप्त्यावर द्यायला तयार होता, हात जोडत होता. पण नवरा म्हणाला, उधारीचं चाक माझ्या घरात फिरणार नाही. चौदा महिने पैसे साठवले आणि रोख देऊन मशीन घरी आणली. ते चौदा महिने बायको शेजारणीच्या हातमशीनवर शिवायची, दुपारी एक ते तीन, शेजारीण झोपलेली असताना. "आजपर्यंत कुणाचं एका पैशाचं देणं नाही आमच्यावर," त्याने शेवट केला. "अंथरूण पाहून पाय पसरतो आम्ही."

ही गोष्ट ऐकून लोक नेहमी मान डोलवत. बँकेतल्या मुलीने डोलवली नाही. तिने पेन खाली ठेवलं.

"दादा, तेव्हा ती मशीन हप्त्यावर घेतली असती ना, तर आज इथे आकडा आला असता."

नवऱ्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याच्या मानेवर हळूहळू लाली चढली आणि तो टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. तिला वाटलं, आपण अंथरूण इतकी वर्षं पाहत बसलो की पाय पसरायचे असतात हेच विसरलो. पण हे त्याला तिने घरी जाऊनही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं नव्हतं.

घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा त्यांनी आणायचा होता. त्यांच्याकडे जेमतेम दहावा होता. मुलगी मनाने वाईट नव्हती. तिने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला. ज्यांच्या नावावर आधीचं कर्ज नाही, पण वर्षानुवर्षं भाडं वेळच्या वेळी भरलंय, अशांसाठी एक सोय होती. दहाव्या हिश्शावर भागू शकलं असतं. पुरावा मात्र हवा. किती वर्षं राहताय?

"आठ वर्षं, दोन महिने."

"छान. पावत्या असतील?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"बँकेतून भरता का भाडं?"

"नाही," ती म्हणाली. "हातात."

"मग घरमालकाकडून सहीचं पत्र आणा. कधीपासून राहता, किती भाडं, उशीर झाला का. एवढंच. पत्र आलं की मी फाइल पुढे पाठवते. पण पंचवीसच्या आत हवं तर लवकर आणा."

एवढंच, असं ती मुलगी म्हणाली आणि जिन्यातून उतरताना ते दोघंही मनातल्या मनात तेच घोकत होते. एवढंच.

*

घरमालक खालीच राहत. गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, केलं होतं, गणिताशी, त्याने अजून सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि तेव्हापासून वरच्या खोलीपर्यंतच्या चौदा पायऱ्या त्यांनी एकदाही चढल्या नव्हत्या. पण वरचं सगळं त्यांना कानांनी ठाऊक असे. दुपारभर मशीनचा आवाज आला नाही, तर संध्याकाळी विचारत, "आज सुई मोडली का?" नवऱ्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "चौदा पायऱ्यांत तीनदा शिट्टी. लिफ्टवाल्याला सांग, मजले मोजायचे तर मनात मोज."

भाड्याची त्यांची एक पद्धत पडून गेली होती. पहिल्याच महिन्यात ती नोटा मुठीत घेऊन गेली, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "पैसे असे उघडे आणू नयेत पोरी. पैशालाही लाज असते." म्हणून दुसऱ्या महिन्यात तिने उरलेल्या पडद्याच्या कापडाची तळहाताएवढी पिशवी शिवली आणि तीत घालून दिले. ती पिशवी मास्तरांनी परत केली नाही. तिसऱ्या महिन्यात दुसरी शिवली. मग दर महिन्याला, ज्या घराचे पडदे चालू असतील त्या कापडाची एक. बटण चालायला लागल्यापासून पिशवी घेऊन तीच खाली जाई आणि दोन बिस्किटं घेऊन वर येई. मास्तरांच्या घरात त्या पिशव्या जिथे-तिथे दिसत. एकीत चष्मा, एकीत किल्ल्या, एकीत खडूचे तुकडे. खडू आता कशाला, हे त्यांना कुणी विचारत नसे.

त्या संध्याकाळी, आठ तारखेला, ती दोघं खाली गेली. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. बँक, पाचवा हिस्सा, दहावा हिस्सा. मध्ये एकदा नवऱ्याची टक्केवारी दुरुस्त केली. मग विचारलं, "घर कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही ना," नवरा उत्साहाने म्हणाला. "तेच तर बरं."

"पायऱ्या किती?"

"छत्तीस."

मास्तरांनी गुडघ्यांवरचं पांघरूण नीट केलं. "बघू," ते म्हणाले. "लिहायला बसलं पाहिजे."

*

दोन दिवसांनी ती एकटी गेली. मास्तरांनी बटणच्या शाळेची चौकशी केली, सत्तावीसचा पाढा कसा सोपा असतो ते सांगितलं, आणि पत्राचं नाव काढलं नाही. तिला काढता आलं नाही. चौथ्या दिवशी तिने काढलं. ते म्हणाले, "हो, हो. लक्षात आहे." सहाव्या दिवशी त्यांचं दार लोटलेलं होतं आणि आतून रेडिओचा आवाज येत होता. बाहेर उभं राहून तिने बटणच्या बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि वर निघून आली.

"कराची भानगड आहे," नवरा म्हणाला. "भाडं दाखवलं नसेल कुठे म्हाताऱ्याने. कागदावर लिहून दिलं तर अडकेल. आठ वर्षं पावती का दिली नाही, आता कळलं."

"आपण मागितली कधी?"

"मागायची असते?"

"ते तसे नाहीत."

"मग कसे आहेत?" त्याने विचारलं. ती मशीनवर जाऊन बसली.

तिच्या धंद्याचा एक नियम होता, आणि तो तिने कधी मोडला नव्हता. आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही गोड बोलो. पण कपाटात एक तागा पडून होता, लिंबाच्या सालीच्या रंगाचा. एका बाईंनी आवडीने निवडला आणि मग नवऱ्याची बदली झाली म्हणून सोडून दिला. तो तागा तिने त्या रात्री काढला. जमिनीवर पसरला. बटणला म्हणाली, वर चालू नकोस हं, आणि बटण त्याच्या कडेकडेने, दोरीवरून चालल्यासारखी, तीन फेऱ्या मारून झोपायला गेली.

चौऱ्याऐंशी. हातांना आठवत होतं. तिने चौऱ्याऐंशीच्या खाली वीतभर कापड जास्त सोडलं आणि मग कात्री लावली.

ही वीतभर दुमड ही तिची खोड होती. इतर शिंपी चार बोटं दुमडत, ती अख्खी वीत. कापड वाया जातं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरत. ती सांगायची, "पडदा पाण्यात आटतो. आणि माणसं घरं बदलतात. सगळ्या खिडक्या थोड्याच एका उंचीच्या असतात?" दुमड आत असते, कुणाला दिसत नाही, पण पडदा तिच्या वजनाने नीट पडतो.

नवरा पाठमोरा झोपला होता. झोपला नव्हता.

"अगं, नियम होता ना तुझा?" तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

"आगाऊ रक्कम मिळालीय."

"कुणी दिली?"

तिने दात लावून धागा तोडला. फरशीवरचा तो उन्हाचा चौकोन तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यावर हा रंग पडला तर ऊन कसं दिसेल, तेवढंच तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बटण बिस्किटं घेऊन वर आली आणि म्हणाली, "मी मास्तरआजोबांना सांगितलं, आईने नव्या घराचे पडदे कापले. लिंबाचे."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. मला दोनऐवजी तीन बिस्किटं दिली."

*

पंचवीस तारीख आली. एजंटला विनवून आणखी दोन दिवस मिळाले. सत्तावीसला दुपारी ती एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात स्टुलावर उभी राहून पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होती, तेव्हा फोन वाजला. तिने तो कान आणि खांद्यामध्ये धरला.

"ताई, सॉरी," एजंट म्हणाला. "गेलं ते. रोखवाला आला."

"बरं," ती म्हणाली.

"दुसरं बघू आपण. याच भागात."

"बरं."

उरलेल्या अकरा कड्या तिने ओवल्या. दोन्ही पडदे सरकवून पाहिले. घराच्या बाईंनी लांबून बघून हात जोडले. "किती सुंदर पडलेत हो. तुमच्या घरी तर काय थाट असेल." ती हसली आणि स्टुलावरून उतरली.

घरी परतताना मास्तरांचं दार सताड उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते, जणू सकाळपासून तिचीच वाट पाहत.

"घराचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"गेलं म्हणजे?"

"दुसऱ्याने घेतलं. रोख देऊन."

"बस जरा," ते म्हणाले.

"स्वयंपाक व्हायचाय," ती म्हणाली, आणि चौदा पायऱ्या चढून गेली. त्या रात्री तिने मशीन चालवली नाही. खालूनही कुणी काही विचारलं नाही.

*

सकाळी बटण एक पाकीट घेऊन वर आली. "मास्तरआजोबांनी दिलंय. म्हणाले, आईच्याच हातात दे."

आत पत्र होतं. फळ्यावर असावं तसं टपोरं, एकसारखं अक्षर. ती वाचत गेली.

'सदर कुटुंब माझ्या घराच्या वरच्या खोलीत अठ्ठ्याण्णव महिने राहत आहे. या अठ्ठ्याण्णव महिन्यांत भाडे प्रत्येक महिन्याच्या एक तारखेस मिळाले. उशीर एकदाही झाला नाही. एकदा दोन दिवस आधी मिळाले, कारण तिसऱ्या दिवशी बाईंचे बाळंतपण होते. भाडेकरूंविषयी लिहायचे तर हिशेब चोख आणि माणसे त्याहून चोख. त्यांना कर्ज देण्यात जोखीम नाही, असे मी गणिताचा शिक्षक म्हणून लिहून देतो.'

खाली सही. सहीखाली तारीख. आठ.

तिने तारीख पुन्हा वाचली. त्या संध्याकाळी ती दोघं खाली जाऊन आली होती. ती वर आल्यावर लगेच, त्याच रात्री, मास्तर लिहायला बसले असणार. आणि मग वीस दिवस ते पत्र त्या खोलीत होतं. सत्तावीसच्या पाढ्याच्या वेळी होतं. रेडिओ चालू होता तेव्हाही होतं. कुठल्या तरी पिशवीत.

नवऱ्याने पत्र तिच्या हातातून घेतलं. त्याने वाचलं, आणि त्याची नजरही तिथेच जाऊन थांबली. तो दाराकडे निघाला. त्याच्या मानेवर बँकेत आली होती तशीच लाली होती.

"थांबा," ती म्हणाली.

"आठ तारीख आहे त्यावर. आठ. लिहून ठेवून वीस दिवस बसला म्हातारा मांडी घालून. आपलं घर गेलं, आणि हा—"

"पाहिलं मी."

"मग सोड मला."

ती दारात उभी होती. तिने त्याला धरलं नव्हतं. "त्यांना काल रात्री दुसरं पत्र लिहिता आलं असतं," ती म्हणाली. "कालची तारीख घालून. आपल्याला कधीच कळलं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. लिहिलं नाही, एवढंच."

तो मग वळला आणि पाण्याचा तांब्या उचलून उभ्या-उभ्या अर्धा प्यायला. त्या दिवशी कामावर जाताना त्याने चौदा पायऱ्यांत एकदाही शिट्टी वाजवली नाही.

पत्र तिने एकटीने बँकेत नेलं. त्या मुलीने ते वाचलं, बाळंतपणाच्या वाक्याशी थांबली, आणि पहिल्यांदाच हसली. "असं पत्र मी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. आठवडाभरात मंजुरी येईल. घर कोणतंही असो, एवढ्या रकमेपर्यंत चालेल. तीन महिन्यांत मात्र शोधा.

तिने मान डोलवली. पत्राची एक प्रत मुलीने परत दिली. ती प्रत तिने घडी घालून पदराआड धरली आणि घरापर्यंत पायी चालत आली. एक रस्ता वळला की त्या गेलेल्या घराच्या इमारतीची मागची बाजू दिसते. ती वळली नाही. पण त्या वळणाशी तिची पावलं जरा रेंगाळली हे खरं.

*

एक तारखेला सकाळी तिने भाड्याच्या नोटा मोजल्या आणि पिशवीसाठी कापड शोधू लागली. निळं होतं, करड्या रेघांचं होतं. बराच वेळ ती दोन्ही हातांत धरून बसली. मग दोन्ही बाजूला ठेवली आणि लिंबाच्या रंगाची, कापताना उरलेली पट्टी घेतली. तळहाताएवढी पिशवी शिवायला किती वेळ लागतो? तरी तिने दोनदा शिवण उसवली आणि पुन्हा घातली.

"नीट दे हं," तिने बटणला सांगितलं.

"मी नेहमीच नीट देते."

संध्याकाळी नवरा आला. जिन्यात शिट्टी नव्हती, पण पायऱ्या दोन-दोन करून चढल्याचा आवाज होता. आत येऊन त्याने डबा ठेवला, हात धुतले नाहीत, आणि डावा तळवा तिच्यापुढे धरला. काळपट ग्रीसवर बॉलपेनने एक आकडा लिहिला होता. एक्क्याण्णव.

"हे काय?"

"खिडकी. मोठी खोली. वरपासून फरशीपर्यंत." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "नदीपलीकडच्या इमारतीत गेलो होतो आज. पाचवा मजला. विकायचंय म्हणून वॉचमन म्हणाला. आत जाऊन आलो. तुझ्यासारखी पट्टी नव्हती माझ्याकडे, केबल मोजायची होती."

"घर अजून आपलं नाही," ती म्हणाली.

"माप घ्यायला कुठे पैसे पडतात?"

ती त्याच्या तळव्याकडे बघत राहिली. ऊन कुठून येतं, हे तिने विचारलं नाही. विचारायचं होतं.

"लिफ्ट आहे?" तिने विचारलं.

"आहे. मीच दुरुस्त करतो."

"मग बंदच असणार."

तो हसला. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. तेवढ्यात बटण खालून आली. एका हातात बिस्किटं, दुसऱ्या हातात कागद.

"आजोबांनी विचारलं, ही पिशवी मी ठेवू का?" ती म्हणाली. "मी म्हटलं, नेहमी ठेवताच की."

"मग?"

"मग ठेवली. उशीखाली. आणि हे दिलं."

कागद म्हणजे पावती होती. पट्टीने आखलेली, चौकट काढलेली. भाडे मिळाले. तारीख एक. वरच्या कोपऱ्यात पावतीचा क्रमांक: नव्व्याण्णव.

नवऱ्याने ती पावती दिव्याकडे धरून बघितली आणि देवघराशेजारच्या खिळ्याला टोचली. आधीच्या भाडेकरूचाच खिळा तो.

"आणि विचारलंय," बटण बिस्किट चावत म्हणाली, "की पुढच्या घराला लिफ्ट आहे का."

खाली रेडिओ बंद होता. काठी फरशीवर टेकल्याचा एक आवाज आला आणि थांबला. जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं असावं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या तळव्याकडे. तो दारापर्यंत गेला आणि जिन्यात वाकून म्हणाला, "आहे, मास्तर. चार माणसांची. पण दार जरा हळू मिटतं."

"हळूच बरं," खालून आवाज आला.

तिने खुंटीवरचा लिंबाच्या रंगाचा पडदा काढून मांडीवर घेतला. चौऱ्याऐंशी आणि सात. वीतभर दुमडीतले सात सोडले तरी दोन इंच आत राहत होते. तिने ब्लेड घेतलं आणि दुमडीचा पहिला टाका उचलला. दुमड उसवली की जुन्या घडीच्या जागी एक रेघ राहते. कितीही इस्त्री फिरवली तरी ती लगेच जात नाही. दोन-चार धुण्यांत जाते, ती गिऱ्हाइकांना सांगायची.

तिने दुसरा टाका उचलला.